ग्रँट पार्कातली रात्र

शिकागो, ४ नोव्हेंबर २००८

रात्री दहाला पश्चिम किनाऱ्यावरचं मतदान संपलं आणि मोठ्या पडद्यावर बराक ओबामा जिंकल्याची अक्षरं उमटली. माझी वर्गमैत्रीण ओरडली नाही, मटकन गवतावर बसली. तिचं हे आयुष्यातलं पहिलंच मत. थरथरत्या बोटांनी तिनं आजीला फोन लावला. आजी अलाबामाची, १९६५पूर्वी तिथं मतदारयादीत नाव घालायलाही काळ्या माणसांना झगडावं लागे. तिला एवढंच म्हणता आलं, ‘आजी, झालं गं!’ मग दोन्हीकडे नुसते हुंदके.

मला इथं मताचा अधिकार नाही, तरी माझेही डोळे भरून आले. परतताना मिशिगन अव्हेन्यूवर अनोळखी पोरं एकमेकांना मिठ्या मारत होती. मैत्रिणीचा फोन अजून कानालाच होता.