शंखातले बिऱ्हाड

२०१३ साली आमची बदली पोर्ट ब्लेअरला झाली (२०२४ मध्ये या गावाचे नाव श्रीविजयपुरम् झाले), तेव्हा स्नेह्यांनी काळ्या पाण्यावर यथेच्छ कोट्या केल्या. तेथे आम्हांला दाईचे काम करावे लागेल, हे मात्र कोणाच्या ध्यानी आले नव्हते.

चिडिया टापूच्या किनाऱ्यावरून आमच्या कन्येने एक शंखात राहणारा खेकडा घरी आणला. हा प्राणी जमिनीवर राहतो. पोट मऊ व वाकडे; म्हणून एखाद्या मेलेल्या गोगलगायीचा शंख अंगावर वागवीत हिंडतो, आणि वाढला की अधिक मोठा शंख शोधतो. सरकारी निवासस्थानांचा क्रम याहून फारसा निराळा नाही. याला अर्ज तेवढा करावा लागत नाही.

पाहुणा मादी निघाला. पोटाखाली अंड्यांचा घोस होता. परातीत समुद्राचे पाणी ठेवले, तशी एका रात्री ती त्यात उतरली, आणि सकाळी पाण्यात शेकडो ठिपके वळवळू लागले. आई जमिनीवरची, पण पिल्ले जन्मतः जलचर! आईला आम्ही त्याच दिवशी किनाऱ्यावर सोडले आणि पिल्ले ठेवून घेतली.

पुढचा महिना बरण्यांचा होता. रोज समुद्राचे पाणी आणायचे, हवेचा पंप मंद ठेवायचा, चेन्नईहून टपालाने मागविलेली आर्टेमियाची अंडी खाऱ्या पाण्यात उबवून त्यांतले सूक्ष्म जीव पिल्लांना घालायचे. बरणीच्या एका अंगाला विजेरी धरली की पिल्ले उजेडाकडे धावत. तेवढ्यात दुसऱ्या अंगाचा गाळ नळीने ओढून घ्यायचा. भुकेली पिल्ले एकमेकांना खातात, हे कन्येला सांगायचे आम्ही टाळले. तिने ते स्वतःच पाहिले. काही कात टाकताना मेली. शेकड्यांची बारा उरली.

शेवटी पिल्लाचे रूप पालटते. ते तळाशी उतरते, तांदळाच्या कणीएवढा शंख धरते आणि काही दिवसांनी पाण्याबाहेर निघते. कन्येने वाळू चाळून तसले शंख जमविले. बाहेर येण्यासाठी वाळूचा उतार मात्र करावयाचा होता. रविवारी करू, असे आम्ही म्हटले. आणि शनिवारी दौऱ्याचा हुकूम आला. "आम्ही येईपर्यंत बरणीला कोणी हात लावायचा नाही," असे आम्ही बजावले. घरातही आम्ही साहेबच होतो.

चौथ्या दिवशी परतलो, तो सात पिल्ले तळाशी निपचित. ज्या पाण्यात जन्मली त्यातच ती बुडाली होती. त्यांना आता दमट हवा हवी होती.

"मी दोनदा उतार करायला घेतला होता, बाबा," कन्या म्हणाली. "पण तुम्ही हात लावू नको म्हणाला होतात."

दौऱ्याचा अहवाल लिहायचा आहे, असे सांगून आम्ही उठलो.

उतार तिनेच केला. उरलेली पाच वर आली. ओली वाळू, खोबऱ्याचा कीस, एक वाटी गोड्या पाण्याची, एक खाऱ्या, एवढ्यावर ती वाढली. मग रायपूरचा हुकूम आला. तेथे समुद्र कोठून आणणार?

पाऊस पडून गेलेल्या एका संध्याकाळी चिडिया टापूला पालापाचोळ्यात आम्ही त्यांना ठेवले. बराच वेळ एकही शंखाबाहेर आले नाही. कन्येने खिशातून आणखी शंख काढले व शेजारी ओळीने मांडले. लहान, त्याहून मोठा, त्याहून मोठा.

"इतके कशाला?" आम्ही विचारले.

"पुढे लागतील ना," ती म्हणाली, आणि एक शंख थोडा सरळ केला.