बटण भिंतीवरच राहू द्या

पुण्याच्या पेठांमध्ये कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलामुलींच्या खोल्यांचा आराखडा आता मला तोंडपाठ झाला आहे. तीन कॉट, एक ट्यूबलाइट, एक पंखा आणि दाराशेजारी एक बोर्ड. बोर्डावर दोन-तीन बटणं, एक रेग्युलेटर, एक सॉकेट. त्या एका सॉकेटला एक्स्टेंशन लावलेलं आणि एक्स्टेंशनवर तिघांचे लॅपटॉप, तिघांचे मोबाइल, किटली, डासांचं मशीन. खोली मालकांची, वायरिंग मालकांचं, भिंतीत खिळा ठोकायचा तरी विचारावं लागतं. मी वायरमन आहे. बोर्ड जळाला, एमसीबी सारखा पडतो, अशा कामांसाठी या खोल्यांमध्ये जात होतो. हल्ली वेगळी बोलावणी येतात. “काका, स्मार्ट बल्ब घेतलाय, जोडून द्याल का?” हे काम मला मनापासून आवडतं, कारण यात पैसे थोडे आणि विचार पुष्कळ लागतो.

गेल्या गेल्या मी मोबाइल हातात घेत नाही. आधी विचारतो, कोण कधी झोपतं? या प्रश्नाचं उत्तर मिळालं की निम्मं काम झालं. एमपीएससीचा अभ्यास करणारा रात्री दोनपर्यंत वाचत बसतो. त्याच खोलीत कुणाची सकाळची पहिली शिफ्ट असते, तो दहाला आडवा होतो आणि साडेचारला उठतो. दोघांमध्ये ट्यूब मात्र एकच. ती चालू ठेवली तर एकाची झोप जाते, बंद केली तर दुसऱ्याचा अभ्यास बुडतो. मुलं भांडत नाहीत, चांगली असतात. एकजण चेहऱ्यावर टॉवेल टाकून झोपतो, दुसरा जिन्यात जाऊन वाचतो, आणि महिन्याभरात बोलणं कमी होतं. माझ्या मते विद्यार्थ्यांच्या खोलीत स्मार्ट उपकरणाची खरी जागा इथे आहे. पडदे आपोआप उघडणं, गाण्याच्या तालावर रंग बदलणं हे सगळं नंतर.

म्हणून मी ट्यूबला हात लावत नाही. ज्याला रात्री वाचायचं आहे त्याच्या उशाशी क्लिपवाला दिवा बसवतो आणि त्यात 9 वॅटचा स्मार्ट बल्ब लावतो. बल्ब मागवण्याआधी दिव्याचा होल्डर बघून घ्या. आपल्या घरातले बहुतेक होल्डर दोन पिनांचे, म्हणजे बी 22 असतात. टेबललॅम्पमध्ये मात्र आट्यांचा ई 27 बऱ्याचदा सापडतो, आणि बल्ब परत पाठवण्यात आठवडा जातो. दिव्याचं तोंड पुस्तकाकडे, पाठ दुसऱ्या कॉटकडे. ॲपमध्ये रंग पिवळसर ठेवायचा, 2700 केल्विनच्या आसपास, आणि उजेड वाचता येईल इतकाच. पांढरा झगझगीत उजेड भिंतीवर आपटून सगळ्या खोलीत पसरतो. पिवळसर, मंद आणि एका बाजूला वळवलेला उजेड वहीवर राहतो. पहाटे उठणाऱ्याच्या बाजूला दुसरा तसाच दिवा. तो सव्वाचारपासून हळूहळू उजळत साडेचारला पूर्ण लागेल असं वेळापत्रक घालायचं. गजर न वाजता तो उठतो आणि दोनला झोपलेला दुसरा झोपलेलाच राहतो. दोन बल्ब आणि दोन दिवे मिळून साधारण दोन हजारांत हे बसतं. एवढ्या पैशात खोलीतला सलोखा टिकतो, यापेक्षा चांगला व्यवहार मला माहीत नाही.

बल्ब जोडताना मुलं जिथे अडतात ती जागा ठरलेली आहे. बल्ब लुकलुकतो, ॲप शोधत राहतं, दोन मिनिटांनी सापडला नाही म्हणून सांगतं. बल्बात दोष नसतो. स्वस्त उपकरणांतली वायफायची चिप फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालते आणि मोबाइल त्या वेळी बऱ्याचदा राउटरच्या 5 गिगाहर्ट्झला जोडलेला असतो. राउटरमध्ये दोन्हींची नावं वेगळी करायची, मोबाइल 2.4 वर आणायचा, की बल्ब लगेच सापडतो. यात नुकसान काही नाही. 2.4 चा वेग कमी असला तरी ते भिंतीतून जास्त आरपार जातं, आणि जुन्या वाड्यांच्या हात-हातभर जाड भिंतींमध्ये तेच कामाला येतं. बल्बाला वेग कशाला लागतो? चालू आणि बंद, एवढाच निरोप तर पोचवायचा.

यानंतरची एक सेटिंग बहुतेकांना ठाऊक नसते, आणि मी ती लावल्याशिवाय खोलीतून निघत नाही. वीज जाऊन परत आली की बल्बाने काय करायचं, ही ती सेटिंग. कारखान्यातून बल्ब येतो तो वीज आली की पेटायचं असं शिकूनच. त्यामागे कारण आहे. ज्याच्याकडे ॲप नाही त्यानेही भिंतीवरचं बटण दाबलं तर उजेड मिळाला पाहिजे. पण आपल्याकडे लाइट जाते. पुण्यात गुरुवार तर दुरुस्तीचाच वार. रात्री तीनला गेलेली लाइट साडेतीनला आली की दोन्ही बल्ब भर उजेडात पेटतात आणि तिघंही उठून बसतात. ॲपमध्ये ‘आधी होतं तसं’ हा पर्याय असतो, तो निवडायचा. त्याची किंमतही समजून घ्या. ॲपवरून बंद केलेला दिवा आता नुसत्या बटणाने लागणार नाही. उशाच्या दिव्याला ही किंमत चालते. खोलीच्या मुख्य उजेडाला चालत नाही.

ट्यूबला हात लावायचा नाही हा माझा हट्ट त्यातूनच आला आहे. ट्यूब आणि पंखा भिंतीवरच्या साध्या बटणावर राहिले पाहिजेत. मोबाइल मेलेला असतो, इंटरनेटचा रिचार्ज संपलेला असतो, गावाहून वडील आलेले असतात, मालकीणबाई पाण्याची टाकी बघायला आत येतात. यातल्या कुणालाही दिवा लावण्यासाठी पासवर्ड विचारावा लागू नये. ज्याच्या मोबाइलमध्ये ॲप आहे तोच खोलीचा मालक होऊन बसला, तर ती खोली तिघांची राहत नाही. ॲपमध्ये घरातली माणसं जोडायची सोय असते. मी तिघांचेही मोबाइल जोडून देतो आणि तिघांनाही एकदा स्वतः दिवा लावायला लावतो.

आता स्मार्ट प्लगविषयी, आणि इथे मी कुणाचंही ऐकत नाही. आपल्याकडे साधा सॉकेट 6 अँपियरचा आणि मोठा, ज्याला आपण पॉवर सॉकेट म्हणतो, तो 16 अँपियरचा. 230 व्होल्टला 6 अँपियर म्हणजे 1380 वॅट. पाणी तापवायचा रॉड असतो 1000 ते 1500 वॅटचा. एका मुलाने विचारलं होतं, “काका, पहाटे साडेचारला रॉड आपोआप लागला तर उठेपर्यंत पाणी तयार. प्लग घेऊ ना?” मी नाही म्हटलं, आणि 16 अँपियरचा प्लग घेतलास तरी नाहीच म्हटलं. प्रश्न नुसत्या अँपियरचा नाही. रॉड बादलीत नीट बुडाला आहे का, पाणी पुरेसं आहे का, कुणी झोपेत बादलीला हात तर लावत नाही ना, हे बघायला माणूस हवा. वेळापत्रकाला यातलं काही दिसत नाही. जुन्या इमारतींमध्ये अर्थिंगचा भरवसा नसतो. सॉकेटला तिसरं छिद्र असतं, पण त्याच्यामागे तार कुठवर गेली आहे हे टेस्टिंग केल्याशिवाय कळत नाही. रॉड, इस्त्री, इंडक्शन शेगडी, हीटर ही माणसाने समोर उभं राहून चालवायची उपकरणं आहेत. स्मार्ट प्लगवर मी टेबलफॅन लावतो, चार्जर लावतो, डासांचं मशीन लावतो. मशीन रात्रभर चालायची गरज नसते, ते मध्यरात्रीनंतर बंद झालं तर बाटली जास्त दिवस पुरते.

प्लगचा एक उपयोग मात्र मला फार मोलाचा वाटतो. काही प्लग वीज मोजतात. पेठांमध्ये बऱ्याच मालकांनी खोलीला सबमीटर लावलेला असतो आणि महिन्याचं बिल तिघांत वाटायचं असतं. तिथे वाद हमखास किटलीवरून. “तुझ्या चहामुळे बिल वाढतं.” मी 16 अँपियरचा मोजणारा प्लग सोबत ठेवतो. 1500 वॅटची किटली तिघांच्या चहाला पाच मिनिटं चालली तर सव्वाशे वॅट-तास, म्हणजे युनिटचा आठवा हिस्सा. जुना पंखा 75 वॅटचा, तो दिवसाचे अठरा तास फिरतो. म्हणजे 1.35 युनिट. दहा वेळा चहा केला तरी पंख्याची बरोबरी होत नाही. हा हिशेब वहीत मांडून दाखवला की तिघांच्याही भुवया वर जातात. बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस मोटरचा, पंखा तेच काम साधारण 30 वॅटमध्ये करतो. अठरा तासांना 0.8 युनिटची बचत, महिन्याला जवळपास 24 युनिटं. सोबत रिमोट मिळतो, म्हणजे पहाटे गारठा लागला तर कॉटवरून उतरावं लागत नाही. पण त्याच्या वाटेतला जुना रेग्युलेटर काढून तो सरळ बटणावर जोडावा लागतो आणि हे मालकांना विचारूनच करायचं. मी स्वतः मालकांशी बोलतो. दोघातिघांनी वर्गणी काढून पंखा घ्यायचा, खोली सोडताना काढून न्यायचा आणि जुना परत टांगून द्यायचा, असं ठरलं की बहुतेक काका-काकू हो म्हणतात. वीज वाचवायची असेल तर पैसे आधी इथे घाला. साध्या एलईडीच्या जागी स्मार्ट एलईडी लावल्याने बिल कमी होत नाही. तो बंद असतानाही वायफाय ऐकत बसतो आणि थोडी वीज खातच राहतो.

हॉस्टेलच्या वायफायवर आणखी एक अडचण येते. तिथे जोडल्यावर लॉगिनचं पान उघडतं, नंबर टाकावा लागतो, ओटीपी येतो. प्लगला ना पडदा ना बोटं, तो ते पान भरणार कसा? अशा ठिकाणी हजार रुपयांच्या आतबाहेरचा साधा राउटर घ्या आणि हॉस्टेलच्या नियमात बसत असेल तर खोलीपुरतं आपलं जाळं उभं करा. त्याचं नाव आणि पासवर्ड नीट लिहून ठेवा. पुढच्या वर्षी खोली बदलली, राउटर बदलला, तरी नव्या राउटरला तेच नाव आणि तोच पासवर्ड दिला की सगळी उपकरणं आपापली जोडली जातात, एकेक पुन्हा बसवत बसावं लागत नाही. विद्यार्थ्यांची बिऱ्हाडं दर जूनला हलतात, म्हणून ही गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगतो.

इंजिनिअरिंगची मुलं असली की गप्पा पुढे जातात. स्वस्त उपकरणांना आपला हुकूम कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवरून येतो. तो सर्व्हर बंद पडला तर? अमेरिकेत 2022 च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर असेच अचानक बंद झाले आणि लोकांना घरातलीच उपकरणं ॲपवरून चालवता येईनात. म्हणून ज्यांना हौस आणि अभ्यास दोन्ही आहे त्यांना मी तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, पाठवतो. ईएसपी 8266 या वायफाय चिपचा छोटा बोर्ड तिथे दोन-तीनशे रुपयांत मिळतो. त्यावर टास्मोटा हे मोफत सॉफ्टवेअर चढवलं की खोलीतल्या राउटरवरच सगळं चालतं, बाहेरच्या इंटरनेटची गरज उरत नाही. पाच व्होल्टवर चालणारी एलईडी पट्टी, दाराचा चुंबकी सेन्सर, तापमान मोजणं, यावर हात बसवावा. 230 व्होल्टचं उपकरण उघडून त्यात हे करणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगतो. स्वस्त प्लगमध्ये आतली 3.3 व्होल्टची बाजू अनेकदा मेनपासून वेगळी केलेली नसते. प्लग सॉकेटमध्ये असताना त्याच्या आतल्या पिनांना लॅपटॉपची केबल जोडली तर लॅपटॉप जातो, कधी माणूसही जातो. आधी प्लग सॉकेटमधून बाहेर, मगच स्क्रू ड्रायव्हर.

कॅमेऱ्याचं काम मी घेत नाही. “चोरी होते, कॅमेरा लावून द्या,” असं म्हणणारे भेटतात, आणि चोऱ्या होतात हेही खरं. पण जिथे तीन माणसं कपडे बदलतात, झोपतात, घरच्यांशी बोलताना रडतात, तिथे कॅमेरा नको. परवानगीशिवाय कुणाच्या खासगी अंगाचं चित्रण करणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66 ई कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय कॅमेऱ्यातलं चित्र आपल्याशिवाय कोण बघतं हे खोलीतून कळत नाही. 2016 मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते बहुतांशी कारखान्यातले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते म्हणून. दाराला चुंबकी सेन्सर लावा. दार उघडलं की तिघांच्याही मोबाइलवर निरोप येतो, काम तेवढ्यात भागतं. आणि कपाटाला चांगलं कुलूप घ्या.

खोली सोडून जाणाऱ्यांना एक विनंती. बल्ब आणि प्लग ज्युनियरला द्या, विका, काहीही करा, पण देण्याआधी ते आपल्या ॲपमधून काढून टाका आणि रीसेट करा. नाहीतर ते तुमच्याच खात्याला बांधलेले राहतात आणि दुसऱ्या गावात बसूनही तुम्हाला त्या खोलीतला दिवा लावता-विझवता येतो. नव्या मुलाला हे माहीत नसतं. दोन मिनिटांचं काम आहे, सामान टेम्पोत चढवायच्या आधी तेवढं करून जा.