मेणाने लिहिलेले अंडे

आमच्या नालासोपाऱ्यात ईस्टर आला की शेजारच्या मावशींकडून मार्झिपानची अंडी हमखास येतात. गास, निर्मळ या बाजूला ख्रिस्ती वस्ती जुनी; त्यामुळे आपली करंजी त्यांच्याकडे आणि त्यांचे गोड अंडे आपल्याकडे, हे चालूच असते. पण गोडाचे अंडे निराळे आणि खरे निराळे. खरे अंडे आमच्या घरात येत नाही. सासूबाईंचा तो नियम, आणि लग्न झाल्यापासून मी तो पाळत आले आहे.

मावशींचा मुलगा बोटीवर नोकरीला. त्याने क्रोएशियातल्या रियेका बंदरातून एक रंगवलेले अंडे आणले. लालसर तपकिरी टरफलावर पांढऱ्या रेघांची नक्षी, इतकी नाजूक की मेंदीच काढली आहे असे वाटावे! तिकडे त्याला ‘पिसानित्सा’ म्हणतात. ‘पिसाती’ म्हणजे लिहिणे, त्यावरून हा शब्द. मला आपल्या पालघरकडच्या वारली बायका आठवल्या. लग्नाचा चौक त्याही ‘लिहितात’च.

पण सणाला अंडेच का? पूर्वी युरोपात ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात अंडी वर्ज्य असत. कोंबड्या थोड्याच उपवास धरतात? साठलेली अंडी सणाला कामी येत. शिवाय बंद टरफलातून जीव बाहेर येतो, म्हणून ते पुनरुत्थानाची खूण मानले गेले.

ही नक्षी करून पाहावी असे फार मनात आले. शाळेत मुलींनाही शिकवता आली असती. शेवटी धीर करून विचारले, “आई, नुसतं टरफल आणू का? आतलं मावशी त्यांच्याकडेच काढून घेतील.”

दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “गॅलरीत बस. ओट्यावर नको.”

रीत अगदी बाटिकच्या साडीची. पांढरे टरफल व्हिनेगरच्या पाण्याने पुसून कोरडे करावे. पेन्सिलीच्या मागच्या रबरात टाचणी खुपसली की लेखणी तयार. टाचणीचे डोके मधमाश्यांच्या वितळलेल्या मेणात बुडवून ठिपका द्यायचा आणि ओढायचा. रेघ आपोआप निमुळती होते. कांद्याच्या साली उकळून गाळलेल्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालावे. हे पाणी पूर्ण गार हवे. साधारण 63 अंशांना मेण वितळते आणि सगळी मेहनत फुकट जाते. टरफलाची भोके मेणाने बुजवावीत. ते तरंगते, म्हणून चमच्याने दाबून धरावे. रंग चढला की ज्योतीच्या शेजारी धरून (वर नको, काजळी बसते) मऊ फडक्याने मेण पुसावे. झाकलेले तेवढे पांढरे उरते.

सासूबाई जपमाळ घेऊन लांब बसल्या होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “म्हणजे जे राखायचं, तेच आधी झाकायचं. होय ना?”

“हो, आई.”

“मग मधे गोपद्म काढ. आणि बाजूनं वेल. अगं, सुटा नको, जोडून घे!”

गुडघ्यांमुळे त्यांची दारातली रांगोळी बंद होऊन चार वर्षे झाली होती. अंड्याला त्यांनी हात लावला नाही, पण त्यावरची रेघ न् रेघ त्यांची. ते अंडे मी मावशींना दिले, तेव्हा कोणाची नक्षी तेही सांगितले.

मैत्रिणींनो, घरातल्या वडीलधाऱ्यांचा नियम मोडल्यावाचूनही कधीकधी वाट निघते. विचारायचा धीर मात्र हवा. आमच्या ओट्यावर अंडे आजही येत नाही. पण कांदा चिरला की सासूबाई साली वेगळ्या डब्यात टाकायला सांगतात.