शस्त्रे आणि हात

ब्राह्मणपाऱ्यात राहावे आणि कंकाली मठ ठाऊक नसावा, असे सहसा होत नाही. वर्षभर बंद असणारे त्याचे दार विजयादशमीला उघडते. आतील जुन्या शस्त्रांची पूजा होते, भाविकांना त्यांचे दर्शन घडते, आणि मग पुढल्या दसऱ्यापर्यंत पुन्हा कुलूप. पोलिसांकडेही दसऱ्याला शस्त्रपूजन होते. हा प्रघात आम्हांस मनापासून आवडतो. ज्याच्या बळावर आपण निर्धास्त झोपतो त्याला एक दिवस तरी हळदकुंकू वाहावे, यात कृतज्ञता आहे. मात्र एक शंका राहून राहून मनात येते. शस्त्रावरची धूळ पुसली गेली. ते धरणाऱ्या हाताचे काय? आणि केवळ शस्त्र धरणाऱ्याचेच का? आगीत शिरणारा, रुळांवरून प्रेते उचलणारा, जखमींना गाडीत घालून धावणारा, या साऱ्यांच्या हातांचे काय?

आमच्या शेजारचे एक गृहस्थ रुग्णवाहिकेवर आहेत. अपघाताची वर्दी आली, की ताटावरून उठून जावयाचे, हा त्यांचा नित्यक्रम. एका चौकात दोन वर्षांमागे त्यांनी एका शाळकरी मुलाला उचलले होते. मूल इस्पितळाच्या दारापर्यंतही जगले नाही. तेव्हापासून तो चौक टाळून ते लांबच्या रस्त्याने घरी येतात. हे आम्हांस कळले ते त्यांच्या पत्नीकडून, त्या ताकाचे भांडे परत द्यावयास आल्या असता. स्वतः गृहस्थांना विचारले, तर त्यांचे उत्तर एकच : "बने हे, भैया." छत्तीसगढीतील हा 'बने' शब्द मोठा गोड आहे; सारे काही ठीक असल्याचे तो सांगतो. परंतु त्याच्याआड पुष्कळ काही झाकताही येते.

हा भित्रेपणा नव्हे. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकाजवळ गाड्यांची भीषण टक्कर झाली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या ९ तुकड्या तेथे धावल्या. त्यांनी ४४ जणांना वाचविले आणि १२१ मृतदेह बाहेर काढले. त्यानंतर चारच दिवसांनी दलाचे तत्कालीन महासंचालक अतुल करवाल यांनी जाहीरपणे सांगितले, की एका जवानाला पाणी दिसले की रक्त दिसते आणि दुसऱ्याची अन्नावरची वासनाच उडाली आहे. अशा कामावरून परतणाऱ्यांसाठी दलाने समुपदेशनाची सोय केल्याचेही त्यांनी सांगितले. वरिष्ठ अधिकाऱ्याने हे चारचौघांत बोलावे, ही आम्हांस लहान गोष्ट वाटत नाही.

आम्ही सरकारी कचेरीतील कारकून. जगाकडे रकान्यांतून पाहण्याची आम्हांस सवय. शिरस्त्राण फुटले, तर साठावहीत नोंद होते. जुने निर्लेखित होते, नवे मागविले जाते. हात मोडला, तर वैद्यकीय रजेचा अर्ज आहे, दाखला आहे. पण पाण्यात रक्त दिसू लागले, तर ते कोणत्या रकान्यात भरावयाचे? अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी १९८० साली अशा दुखण्याला आपल्या वर्गीकरणात स्वतंत्र नाव दिले. मराठीत त्याला आघातोत्तर ताणविकृती म्हणता येईल. नाव मिळाले, तरी वहीत रकाना पडावयास वेळ लागतोच.

उपायही विचाराने करावयास हवा. आपत्तीनंतर लगेच साऱ्या तुकडीला एकत्र बसवावे आणि जे पाहिले ते प्रत्येकाकडून वदवून घ्यावे, अशी एक पद्धत १९८० नंतर पाश्चात्त्य देशांत रूढ झाली. पुढे संशोधनातून दिसून आले, की अशा एखाद्या सक्तीच्या बैठकीने दुखणे टळत नाही. काहींची जखम उलट चिघळते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेने 'मानसिक प्रथमोपचार' सांगितला. त्याची तत्त्वे तीन : पाहा, ऐका, जोडून द्या. कोणास काय हवे ते पाहावे. तो बोलेल तेवढेच ऐकावे. आणि घरची माणसे, सोबती किंवा गरज पडल्यास तज्ज्ञ यांच्याशी त्याची गाठ घालून द्यावी. आमच्या आजीला हे पुस्तकावाचून कळत असे. मयताहून आलेल्याला ती आधी गरम पाणी देई, प्रश्न मागाहून विचारी.

आमच्या राज्याला हा विषय परका नाही. ४ डिसेंबर २०१९ रोजी नारायणपूर जिल्ह्यातील कडेनारच्या तळावर एका जवानाच्या गोळ्यांना त्याचेच ५ सहकारी बळी पडले आणि तोही वाचला नाही. अशा प्रत्येक घटनेमागे ताणच असतो, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. तथापि, छत्तीसगढ पोलिसांनी २०२० साली 'स्पंदन' अभियान हाती घेतले. अधिकाऱ्यांनी शिपायांत मिसळावे, त्यांची गाऱ्हाणी ऐकावी, गरजूंना समुपदेशन मिळावे, हा त्याचा हेतू. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवाही १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य मिळते.

पण क्रमांक फिरवावयास हात धजावा लागतो. बंदूक काढून घेतील, गाडीवरून उतरवून टेबलाशी बसवतील, 'डोक्याने गेला' म्हणून हसतील, ही धास्ती आगीच्या धास्तीहून मोठी. म्हणूनच आम्हांस वाटते, की ही मदत मागण्याची पाळीच येऊ नये. आग विझल्यावर होज धुऊन वाळत घालतात, ते कोणी अर्ज केला म्हणून नव्हे. तो कामाचाच भाग असतो. माणसाची विचारपूसही तशीच, सर्वांची आणि न मागता व्हावी. सर्वांचीच होते म्हटल्यावर एकट्याला लाजण्याचे कारण उरत नाही.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशामक कामी आले. देशभर दरवर्षी त्या दिवशी त्यांना मानवंदना दिली जाते, ते उचितच आहे. पण त्या आगीतून जे जिवंत परतले, त्यांच्या उशाशी ती गोदी पुढे किती वर्षे जळत राहिली असेल? मृतांना फुले वाहिली, की आपले काम संपते. परतलेल्याला मात्र "झोप लागते ना?" असे विचारावे लागते, आणि "बने हे" असे उत्तर आले, तरी थोडा वेळ तेथेच बसून राहावे लागते.