मोतीचा रात्रीचा प्रवास : मुंबई ते भाट्ये

मैत्रिणींनो, गावी जायचं ठरलं की आपण मुलांचे कपडे, सासूबाईंची औषधं, शेजारणीकडे द्यायची किल्ली असं सगळं आठवून आठवून करतो. पण घरात कुत्रा असेल तर? लहानसं पिल्लू टोपलीत घालून नेता येतं. आमचा मोती मात्र चांगला चौतीस किलोंचा लॅब्रॅडॉर, वय वर्षं नऊ, आणि त्याला न्यायचं होतं ते चार दिवसांसाठी नव्हे, कायमचं. मामंजी गेल्यापासून सासूबाई भाट्याच्या घरात एकट्या. मुंबईला यायला त्या तयार नाहीत, आणि इकडे दिवसभर बंद फ्लॅटमध्ये एकटा पडून मोती खंगत चाललेला. दोघांची सोय एकमेकांकडे आहे, हे आम्हाला दिसत होतं. सासूबाईंना फोन केला, तर म्हणाल्या, "आणा. पण ओटीवर राहील हो तो. माजघरात पाऊल टाकायचं नाही."

आता आणायचा कसा? खासगी बसवाले मोठा कुत्रा म्हटल्यावर हात जोडतात. मोटारीने घाट उतरायचा तर मोतीला गाडी लागते. राहिली रेल्वे. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली तेव्हापासून आमचं गाव एका रात्रीवर आलं आहे. कोकणकन्या रात्री अकराच्या सुमारास मुंबईहून सुटते आणि पहाटे रत्नागिरीला सोडते.

नियम नीट समजून घ्या, कारण इथेच पुष्कळजणी अडतात. मोठा कुत्रा आपल्यासोबत नेता येतो तो फक्त पहिल्या वर्गात, आणि तेही अख्खा कूपे (दोन बर्थचा) किंवा अख्खी केबिन (चार बर्थची) आपल्याच नावावर असेल तर. टू टायर, थ्री टायर, स्लीपर, चेअर कार यांत मुळीच नाही. दुसरा मार्ग म्हणजे ब्रेकव्हॅनमधली कुत्र्याची पेटी. ती गार्डच्या डब्यात असते. (२०२२ पासून गार्डला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, पण आपल्या तोंडी गार्डच.) भाडं सामानाच्या दराने पडतं : सोबत नेलात तर ६० किलोंचं, पेटीत ठेवलात तर ३० किलोंचं. न नोंदवता नेताना सापडलात तर सहापट!

पेटी स्वस्त खरी. पण नऊ वर्षांच्या जिवाला रात्रभर लोखंडी पेटीत, गाडीच्या खडखडाटात, आपलं माणूस जवळ नाही अशा ठिकाणी ठेवायचं माझ्या मनाला पटेना. तरुण, धीट कुत्रा असेल आणि हवा थंड असेल तर विचार करा. म्हाताऱ्या कुत्र्याला नको, असं माझं स्पष्ट मत.

गंमत अशी, की कूपे आपल्याला निवडता येत नाही. दोन तिकिटं एकत्र काढायची, कुत्रा सोबत असल्याचं सांगून कूपेसाठी रेल्वेच्या कार्यालयात अर्ज द्यायचा, आणि तक्ता लागेपर्यंत देवाचं नाव घ्यायचं. कूपे मिळाला नाही, तर केबिनमधल्या सहप्रवाशांनी हरकत घेताच कुत्र्याची रवानगी ब्रेकव्हॅनमध्ये. आमचं सामान बांधून तयार, मोती दाराशी बसलेला, आणि ह्यांचं लक्ष फोनकडे. कूपे मिळाला, तेव्हा कुठे मी गॅस पेटवून भात टाकला.

परदेशात तरी निराळं असेल, असं वाटत होतं. पण तिकडेही तेच. ऑस्ट्रियाच्या 'नाइटजेट' या रात्रीच्या गाड्यांत मोठा कुत्रा न्यायचा तर अख्खा कप्पा राखून ठेवावा लागतो, शिवाय तोंडाला मुसकं हवं. लंडन-पॅरिस धावणारी युरोस्टार तर अंधांचे वगैरे मदतनीस कुत्रे सोडले, तर कुत्रा घेतच नाही.

स्टेशनवर दोन-तीन तास आधी जा. पार्सल ऑफिसात तिकीट, लसीकरणाचं पुस्तक आणि जनावरांच्या डॉक्टरांचा प्रवासाला योग्य असल्याचा ताजा दाखला दाखवून पावती घ्यायची. दाखला आदल्या दिवशीचा असलेला बरा. साखळी आणि पट्टा मजबूत हवा. जेवण निघण्याच्या चार-पाच तास आधी उरकावं, तेही निम्मंच : दहीभात किंवा नुसता भात. सोबत पसरट भांडं, पाण्याची बाटली, जुनी चादर, भरपूर वर्तमानपत्रं आणि फिनेलचं फडकं. ती चादर धुऊ नका बरं का, घरचा वास असला की कुत्रा लवकर निजतो.

मोती पनवेलपर्यंत उभाच होता. मग ह्यांच्या चपलांवर डोकं ठेवून झोपला. उजाडायच्या आत उक्षी मागे पडलं आणि करबुड्याचा बोगदा आला, साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब. आवाज घुमू लागताच बिचारा थरथरायला लागला. मी खाली बसून त्याचे कान हातांनी झाकून धरले. बोगदा संपला की रत्नागिरी आलीच, तेव्हा सामान त्याआधीच दाराशी लावून ठेवा.

रिक्षा शहर ओलांडून भाट्याच्या पुलावर आली, तसा त्याने नाक बाहेर काढलं. खाली काजळी नदी समुद्राला मिळते, पलीकडे सुरूची झाडं आणि लांबच लांब सरळ किनारा. वाटेत १९५५ पासूनचं नारळ संशोधन केंद्र लागतं, आणि किनाऱ्याच्या टोकाला झरीविनायक. वाळूत उभं राहिलं की उत्तरेला रत्नदुर्ग दिसतो. कुत्र्याला इथे सकाळी लवकर न्यावं. दुपारी वाळू पाय पोळते. लाटांत मोकळा सोडू नये, ओढ असते. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्यात गोचीड पाहावी, आणि पावसाळ्याआधी लेप्टोची लस द्यावी.

खरा प्रश्न उभा राहिला तो संध्याकाळी. रत्नागिरी तालुक्यात बिबट्या काही नवा नाही, आणि अंगणातला कुत्रा म्हणजे त्याची सोपी शिकार. साखळीने बांधलेला तर आणखीच. मी सासूबाईंना एवढंच म्हटलं, "ओटीला दार नाही हो." त्या काही बोलल्या नाहीत. जेवणं झाल्यावर माजघराच्या कोपऱ्यात त्यांनी स्वतः पोतं अंथरलं, वर मामंजींची जुनी शाल टाकली. देवघराचं दार मात्र लावून घेतलं.

आम्ही चार दिवस राहून परतलो. आता रोज सकाळी फोनवर आधी मोतीने काय खाल्लं ते कळतं, मग आमची विचारपूस होते.