अंगठा आणि यादी

या शनिवारचा विषय आहे अंगठा. तोच, जो आपण ऑफिसच्या दारावर रोज टेकवतो. आमच्या मिरजेत सही न येणाऱ्याला 'अंगठेबहाद्दर' म्हणायचे. आता इंजिनियर धरून आपण सगळेच अंगठेबहाद्दर!

पण मंडळी, हे प्रकरण वाटतं तेवढं नवीन नाही. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फासेपारधी, कैकाडी अशा जमातींची नोंद व्हायची आणि नोंद झालेल्यांच्या बोटांचे ठसे घेता यायचे. गुन्हा केलाय का, हा प्रश्नच नाही. जन्म पुरेसा. मिरजेहून कुर्डुवाडीमार्गे सोलापूरला गेलात तर तिथे 'सेटलमेंट' नावाचा भाग आजही आहे. तारेच्या कुंपणात या लोकांना ठेवून हजेरी घ्यायचे. कायदा १९५२ साली रद्द झाला, म्हणून ते 'विमुक्त'. पण "पारधी उतरलेत, दारं लावून घ्या" हे आमच्या भागात आम्ही त्यानंतरही कितीतरी वर्षं ऐकलंय.

आता २०२२ चा गुन्हेगारी प्रक्रिया (ओळख) कायदा बघा. ठशांबरोबर डोळ्यांचं स्कॅनही आलं. अटक झाली तरी नोंद होऊ शकते आणि ती ७५ वर्षं ठेवायची. पूर्वी शिक्षा झालेली नसेल आणि निर्दोष सुटलात तर नोंद पुसायची तरतूद आहे, मान्य. पण खटला संपेपर्यंत काय?

समजा एकाच वस्तीतली माणसं संशयावरून पुन्हा पुन्हा उचलली. मग डेटाबेसमध्ये बोटं त्यांचीच जास्त. ज्याचा ठसा यादीत आहे तो लगेच सापडतो, ज्याचा नाही तो चोर मोकळा. आणि लोक म्हणतात, "बघा, म्हणत नव्हतो?" आपल्या भाषेत हे बायस्ड सँपल. अल्गोरिदम कितीही अचूक असला तरी ते सुधारत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने तुरुंगाच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितला. विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, हेही बजावलं. एक कॉलम ड्रॉप करायचा आदेश यायला स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षं लागली राव!

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे याच कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलंय. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोट कुठून बदलणार? तेव्हा असल्या प्रोजेक्टच्या मीटिंगमध्ये अचूकता किती टक्के हे विचारून झालं की एवढंच विचारा: या यादीत नाव कसं येतं? आणि ते पुसतं कोण, किती दिवसांत?