ऑपरेशन फुकट, रोज मात्र बुडतो

नांदेडच्या मोंढ्यात आमच्या आबांनी उभा जन्म पोती उचलली. माथाडीत नोंद नाही, विमा नाही. उचललं तेवढ्याचे पैसे. उजव्या डोळ्यानं सगळं धुरकट दिसतंय म्हणायचे. पोत्यावरचा मार्का दिसेनासा झाला तशी दुसऱ्या हमालाला विचारून थप्पी लावू लागले, पण डॉक्टरचं नाव काढलं की एकच पालुपद: "पिकू दे गं, मग काढू."

मोतीबिंदू पिकू देण्याची समजूत जुन्या काळातली. आता बारीक छेदातून खराब भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात, बहुतेक वेळा टाकाही लागत नाही. उलट फार पिकला तर डोळ्यातला दाब वाढू शकतो आणि त्यानं गेलेली नजर परत येत नाही. माझं त्यांनी कशाला ऐकलं असतं! त्यांना पटलं ते तात्याराव लहानेंच्या नावानं. रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचा माणूस, मुंबईच्या जे. जे.त डॉक्टर होता, 2008 साली पद्मश्री. आपल्याकडचा म्हटल्यावर खोटं कशाला सांगेल, असा आबांचा हिशेब.

सरकारी दवाखान्यातही या ऑपरेशनला पैसा पडत नाही. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून चालू आहे. पण आत्याचा डोळा उदगीरच्या लायन्स नेत्र रुग्णालयात झालेला, म्हणून आबांनाही तिथंच जायचं होतं. गोरगरिबांची ऑपरेशनं तिथं फुकट होतात. एसटीत पासष्टीपुढं अर्धं तिकीट आणि 2023 पासून आम्हा बायांनाही अर्धं, त्यामुळं वाटखर्चाचं निभावलं.

साखर, बीपी बघितलं, भिंगाचा नंबर मोजला, उजव्या भुवईवर चिकटपट्टी लावली. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी डोळ्याची पट्टी सोडून सिस्टरनं बोटं किती ते विचारलं. आबांनी बोटं सोडून भिंतीवरच्या कॅलेंडरातली एकादशी वाचली. "सोमवारी हाय," म्हणाले. सिस्टर हसली आणि लगेच बजावलं: थेंब चुकवायचे नाहीत, डोक्यावरून पाणी नाही, महिनाभर ओझं उचलायचं नाही.

ओझं उचलायचं नाही! हमालाला! मुकादमाकडून उचल घेतली, ती फिटता फिटता दिवाळी आली. मी सोबत म्हणून गेले तेव्हा माझीही शिलाई बुडाली. गरीब माणूस डोळ्याचं टाळतो ते भीतीनं कमी आणि या बुडीत रोजापायी जास्त, असं माझं मत झालंय.

दवाखान्यात बसल्या बसल्या मी मोबाइल हात लांब करून वाचत होते. तक्ता घेऊन फिरणाऱ्या पोरीनं ते हेरलं. "ताई, तुम्ही पण बसा." जवळचा नंबर निघाला, दीड. काळ्या ब्लाऊजला काळ्या दोऱ्यानं हूक लावताना डोकं का ठणकतं, ते तेव्हा कळलं. माझा दोष दूर झाला तो साध्या चाळिशीच्या चष्म्यानं. आमच्या वस्तीत शिलाई करणाऱ्या, धान्य निवडणाऱ्या कितीतरी बाया अशाच डोळे बारीक करून बसतात. डोळ्यांच्या शिबिरात मोतीबिंदू निघाला नाही की त्यांना "ठीक आहे" म्हणून घरी लावतात.

शिबिरं भरवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: एक शिबिर मोंढा बंद असेल त्या दिवशी किंवा संध्याकाळी ठेवा, आणि येताना जवळच्या नंबरचे चष्मे पेटीभर घेऊन या.